नोटिशीचा महिना : एक अभ्यासपाठ

नोकरी कशी मिळवावी हे सांगणारे वडीलधारे घरोघरी भेटतात. नोकरी कशी सोडावी हे सांगणारा मात्र क्वचितच आढळतो. आमच्या बेळगावातील तरुण आज उद्यमबागेतील कारखान्यांत, गोव्यातील वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, पुण्यास व बेंगळुरास कामास जातात. पूर्वीच्या पिढीतील माणूस एकदा एका जागी चिकटला की बहुधा तेथूनच निवृत्त होत असे. सांप्रत ती स्थिती राहिलेली नाही. अधिक पगार, घराची ओढ, आईवडिलांचे आजारपण किंवा वरिष्ठांचा जाच, अशा नाना कारणांनी जागा बदलावी लागते; आणि प्रत्येक वेळी राजीनामा देणे व प्रत्यक्ष मोकळे होणे या दोहोंमधील काळ कंठावा लागतो. कारखान्यांत व दुकानांत हा काळ बहुधा एक महिन्याचा, तर बँका व संगणकाच्या मोठ्या कंपन्यांत पुष्कळदा तीन महिन्यांचा असतो. यालाच आपण नोटिशीचा काळ म्हणतो.

हा काळ दिसावयास लहान, परंतु अनेकांस तो सगळ्या नोकरीहून जड जातो. काल ज्याला हाक मारून चहा पाजला, त्याच्याकडे आज कोणी मान वर करून पाहात नाही. साहेब नमस्कार घेत नाहीत. वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेल्या कामात एकाएकी चुका दिसू लागतात. ‘जाणारच आहे, मग कशाला सोसू?’ असे म्हणून कोणी भांडतो, कोणी काम टाकतो, कोणी मधूनच घरी बसतो. आणि मागाहून पगार, दाखला व चांगले नाव या तिन्ही गोष्टींस मुकतो. म्हणून प्रस्तुत पाठात या काळाचा विचार पुढील क्रमाने करावयाचा आहे : वैर कोठून उत्पन्न होते, आपले देणे नक्की कोणाचे, ते कसे फेडावे, आपले घेणे कसे राखावे, आणि सोसण्याची सीमा कोणती.

१. वैर कोठून येते

रोगाचे निदान झाल्यावाचून औषध देता येत नाही. नोटीस दिलेल्या माणसाविषयी कचेरीत जो दुरावा निर्माण होतो, त्याची कारणे एक नसून अनेक असतात, आणि त्यांची सरमिसळ केल्यामुळेच आपण सर्वांस एकाच मापाने शत्रू समजतो.

पहिले कारण वरिष्ठांचे. हाताखालचा माणूस सोडून जातो, याचा अर्थ त्यांना असा भासतो की त्याने आपल्या कारभारावर जाहीर शेरा मारला. दुसरे कारण भीतीचे. हा आमची गिऱ्हाइके, आमचे दर किंवा आमची माहिती दुसरीकडे नेईल, असे मालकास वाटते. म्हणून किल्ल्या काढून घेणे, संगणकाचा परवलीचा शब्द बदलणे असे प्रकार घडतात. वस्तुतः यात अपमान थोडा व सावधगिरी अधिक असते. तिसरे कारण सोबत्यांचे. जाणाऱ्याच्या वाट्याचे काम उद्यापासून त्यांच्या पाठीवर पडणार असते. नवा माणूस केव्हा येईल याची शाश्वती नसते. चौथे कारणही सोबत्यांचेच, पण ते निराळे आहे. साहेबांची मर्जी ज्याच्यावरून उडाली त्याच्याशी बोलताना आपण दिसू नये, एवढीच त्यांची इच्छा असते. पाचवे कारण क्षुद्र खरे, तथापि ते असते : ज्याच्यावर अधिकार गाजविण्याचे आता थोडेच दिवस उरले, त्याच्यावर तो शेवटचा गाजवून घ्यावा, असे काही माणसांस वाटते.

या पाच कारणांकडे शांतपणे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. सोबत्यांचा राग निम्मा तरी न्याय्य आहे. आपण गेल्याने त्यांचा भार वाढतो, हे खरेच आहे. म्हणून त्या रागावर उपाय भांडणाचा नव्हे, तर तो भार हलका करण्याचा होय. उलट पाचव्या कारणावर आपल्या हाती उपाय नाही; त्याच्यापुढे केवळ दिवस मोजावयाचे असतात. कोणता राग फेडता येण्याजोगा व कोणता केवळ ओसरू देण्याजोगा, हे ओळखणे ही या पाठाची पहिली पायरी.

२. विराटाच्या घरचे दिवस

मुदत संपत आली असता प्रतिकूल जागी कसे राहावे, याचे उदाहरण शोधावयास लांब जावयास नको. महाभारतातील विराटपर्व हे एका अर्थी नोकरीचेच पर्व आहे. बारा वर्षांच्या वनवासानंतर तेराव्या वर्षी पांडवांना अज्ञातवासात राहावयाचे होते. ओळख पटली तर पुन्हा बारा वर्षांचा वनवास, अशी अट होती. राजपुत्रांनी चाकऱ्या पत्करल्या : युधिष्ठिर कंक होऊन द्यूताचा सोबती झाला, भीम बल्लव नावाने मुदपाकखान्यात राबला, अर्जुन बृहन्नडा होऊन नृत्य शिकवू लागला, नकुलाने घोडे व सहदेवाने गाई सांभाळल्या, आणि द्रौपदी सैरंध्री होऊन राणी सुदेष्णेची वेणीफणी करू लागली. तेथे जाण्यापूर्वी त्यांचे पुरोहित धौम्य यांनी राजाच्या घरी कसे वागावे याचा उपदेश त्यांना केला. न विचारता सल्ला देऊ नये, राजाच्या आसनावर बसू नये, अशा साध्या साध्या गोष्टी त्या उपदेशात आहेत. ज्यांनी राज्य केले होते त्यांनाही चाकरीची रीत शिकून घ्यावी लागली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या पर्वातील दोन प्रसंग आपल्या विषयास विशेष लागू पडतात. कीचकवधानंतर विराटाचे घर भयभीत झाले आणि सुदेष्णेने सैरंध्रीस निघून जाण्यास सांगितले. तेव्हा द्रौपदीने केवळ तेरा दिवसांची मुदत मागून घेतली. ज्या घरात भर सभेत आपणास लाथ मारली गेली व राजाने त्या अपमानाचा न्याय केला नाही, त्याच घरात आणखी तेरा दिवस काढणे तिला गोड वाटले असेल काय? परंतु ते दिवस विराटासाठी नव्हते. ते तिच्या स्वतःच्या मुदतीसाठी होते. जागा नकोशी असली तरी मुदत आपली असते, हा या प्रसंगाचा बोध.

दुसरा प्रसंग युधिष्ठिराचा. उत्तराच्या विजयाची वार्ता आली असता कंकाने बृहन्नडेची स्तुती केली, म्हणून क्रुद्ध झालेल्या विराटाने हातातील फासा त्याच्या तोंडावर फेकून मारला. नाकातून रक्त आले. ते भूमीवर पडण्यापूर्वीच युधिष्ठिराने ओंजळीत धरले, आणि अर्जुनास एवढ्यात आत सोडू नये असे द्वारपालास कळविले. कारण ते रक्त पाहताच अर्जुन राजाचा प्राण घेतल्यावाचून राहिला नसता. वर्ष तर तोवर पूर्ण झाले होते; गुप्त राहण्याची सक्ती उरलेली नव्हती. तरीही त्याने ओळख देण्याची वेळ स्वतः निवडली, ती रागाच्या हाती दिली नाही. पुढे थोड्याच दिवसांत पांडव आपल्या खऱ्या रूपात राजसभेत येऊन बसले व विराट लज्जित झाला. सोसणे म्हणजे दुर्बलता नव्हे. योग्य वेळेपर्यंत आपले बळ आपल्या हाती ठेवणे, असा त्याचा अर्थ आहे.

३. देणे माणसाचे नव्हे, कामाचे

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. ज्यांनी आपणास दुखविले त्यांचे काम आपण शेवटपर्यंत नीट का करावे? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस पुस्तकात सापडण्यापूर्वी देवळाच्या कोठीत सापडले.

पूजेचा हक्क जेथे अनेक घराण्यांत वाटलेला असतो तेथे पूजेच्या पाळ्या असतात. एका घराची पाळी संपली की दुसऱ्याची सुरू होते. भाऊबंदांत हक्कावरून दावे चाललेले असतात. कित्येकदा दोन घरे एकमेकांशी बोलतही नाहीत. तरीसुद्धा पाळी सोपविण्याच्या दिवशी जाणारा पुजारी याद पुढे ठेवतो, आणि एकेक जिन्नस मोजून देतो : समया इतक्या, ताम्हने इतकी, घंटा, पंचारती, चांदीचा मुखवटा, प्रभावळ, अंगावरचे दागिने. घेणारा पाहून घेतो व यादीखाली दोघांच्या सह्या होतात. बोलणे नसले तरी चालते. मोजणे चुकता कामा नये. तेलाचे भांडे रिकामे ठेवून जाणे, निर्माल्य तसेच टाकून जाणे, हे भाऊबंदावर उगविलेले सूड नव्हेत. त्याचा उपद्रव देवास व दर्शनास येणाऱ्या माणसांस होतो.

कचेरीचेही असेच आहे. आपण टाकून दिलेले काम ज्या साहेबांनी आपणास छळले त्यांच्या पाठीवर क्वचितच पडते. ते पडते आपल्या जागी येणाऱ्या नवख्या मुलावर, शेजारच्या मेजावरील बाईंवर, किंवा ज्याचा माल वेळेवर जावयाचा त्या गिऱ्हाइकावर. म्हणून नोटिशीच्या काळातील देणे माणसाचे नसून कामाचे असते. ज्याने अपमान केला त्याचे आपण काही लागत नाही. परंतु जो आपल्या मागून त्या खुर्चीवर बसणार त्याचे निश्चित लागतो.

हे देणे फेडण्याची रीत सोपी आहे. राजीनाम्याच्या पहिल्या आठवड्यातच चार्जाची यादी करावी. हातातील कामे कोणती, त्यांपैकी पुरी कोणती व अर्धी कोणती, कोणाकडून काय यावयाचे आहे, कोणत्या तारखेस काय पाठवावयाचे आहे, कागद व वस्तू कोठे ठेवल्या आहेत, हे सर्व क्रमाने लिहावे. यादीच्या दोन प्रती कराव्यात, घेणाऱ्याची सही व तारीख घ्यावी. चार्ज घ्यावयास कोणी नेमला नसेल तर ती यादी वरिष्ठांकडे ई-मेलने पाठवावी व कोणास सोपवू असे विचारावे. वेळेवर येणे, वेळेवर जाणे, व नेमून दिलेले काम करणे, या तीन गोष्टींत शेवटच्या दिवसापर्यंत खंड पडू देऊ नये.

आम्ही एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करीत असता एक महिन्याची नोटीस भरून काढली आहे. दुसऱ्या दिवसापासून वरिष्ठांनी आमचा नमस्कार घेणे बंद केले, आणि दुपारच्या चहास आमच्या बाकावर कोणी बसेनासे झाले. तिसऱ्या आठवड्यात यंत्रावर लावावयाच्या कार्बाइडच्या चौदा टिपा कमी आहेत, व त्यांची किंमत आमच्या पगारातून कापावी, असे निघाले. नोटीस दिल्याच्या दिवसापासून रोज सायंकाळी मोजणी करून पाळीच्या मुकादमाची सही वहीत घ्यावयाची, असा नेम आम्ही ठेवला होता. देवळाच्या यादीचीच ती सवय होती. वही पुढे ठेवली. टिपा मोजणीनंतर रात्रपाळीस दिल्या गेल्याचे त्याच वहीवरून दिसले. वाद झाला नाही, आवाज चढला नाही, पगार पुरता मिळाला. शंभर शब्दांनी जे झाले नसते ते चौदाच्या आकड्यापुढील एका सहीने झाले.

४. वाणी आणि लेखणी

या काळात वाणी आखूड व लेखणी लांब असावी, असे आमचे मत आहे.

प्रथम राजीनाम्याचा मजकूर. १८९० साली लोकमान्य टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचा राजीनामा दिला, तेव्हा मतभेदांचा सर्व इतिहास सांगणारे प्रदीर्घ पत्र त्यांनी लिहिले. ते संस्थेच्या संस्थापकांपैकी होते. संस्था व समाज यांस कारणे सांगणे हे त्यांचे कर्तव्यच होते. आपण नोकरदार माणसे. आपल्या राजीनाम्यात चार ओळी पुरेत : मी अमुक तारखेपासून नोकरी सोडू इच्छितो, नेमणूकपत्राप्रमाणे नोटिशीची मुदत इतकी आहे, माझा शेवटचा दिवस अमुक राहील, कृपया पोच द्यावी. गाऱ्हाणी त्यात घालू नयेत. मात्र गाऱ्हाणे गंभीर असेल तर ते निराळ्या तक्रारअर्जात, तारीखवार व साक्षीदारांसह लिहावे. राजीनाम्याच्या शेपटीस बांधलेल्या तक्रारीस वजन येत नाही.

नंतर बोलणे. कोणी टाकून बोलले तर उत्तर कामापुरते द्यावे. ‘साहेब, हे काम कोणत्या तारखेपर्यंत हवे ते सांगावे’, किंवा ‘चूक कोणत्या कागदात आहे ते दाखवावे, मी आजच दुरुस्त करतो’, एवढेच म्हणावे. आरोप मोघम असतो. त्यास तारीख व कागद विचारला की त्याचा फुगा पुष्कळदा बसतो. नव्या जागेचा पगार कोणास सांगू नये. मागे राहणाऱ्यांस ‘तुम्हीही सोडा’ असा उपदेश करू नये. ज्याला सोडणे शक्य नाही त्याच्या जखमेवर ते मीठ असते. व्हॉट्सॲपच्या गटात टोमणे आले तर उत्तर न देणे हेच उत्तर समजावे.

लिहून मात्र सर्व ठेवावे. तोंडी हुकूम मिळाला तर त्याच दिवशी ‘आपण सांगितल्याप्रमाणे मी अमुक काम करीत आहे’ असे दोन ओळींचे पत्र पाठवावे. अपमानाचा प्रसंग घडला तर तारीख, वेळ, शब्द व हजर असलेली माणसे घरच्या वहीत टिपावीत. कारखान्याची कागदपत्रे वा माहिती स्वतःच्या मोबाइलात उतरवून नेऊ नये; ती आपली नव्हेत, आणि त्या एका कृत्याने आपली सारी खरी बाजू खोटी ठरू शकते. आपले नेमणूकपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, बढतीची पत्रे यांच्या प्रती मात्र वेळीच जवळ कराव्यात.

५. हक्काचे घेणे

संकोचामुळे आपली माणसे आपल्या हक्काचे पैसे मागत नाहीत, आणि रागामुळे काहीजण नसलेला हक्क सांगतात. दोन्ही टाळावयाचे तर नियम ठाऊक हवेत.

देशात २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांपैकी २०१९ च्या वेतनसंहितेप्रमाणे, नोकरी सोडलेल्या माणसाचे देय वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करावयाचे असते. म्हणून शेवटच्या दिवसाआधी एक आठवडा हिशेबाचा तक्ता मागून घ्यावा : पगाराचे दिवस, शिल्लक रजेचा पगार, आणि कपात असेल तर तिचे कारण.

ग्रॅच्युइटी, म्हणजे उपदान, हे पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर मिळते. ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यास आता एका वर्षानंतरही ते मिळू शकते. हिशेबास धरावयाच्या मासिक वेतनास २६ ने भागून १५ ने गुणावे, म्हणजे एका वर्षाचे उपदान निघते. वेतन १८,२०० रुपये असेल तर वर्षास १०,५०० रुपये, व सहा वर्षांचे ६३,००० रुपये. ही रक्कम तीस दिवसांच्या आत द्यावयाची असते. तेव्हा राजीनाम्याची तारीख ठरविण्यापूर्वी रुजू झाल्याची तारीख काढून पाहावी. पाच वर्षे भरण्यास थोडे दिवस उरले असता रागाच्या भरात उठून जाणारा, कित्येक महिन्यांची बचत मेजावर ठेवून जातो.

भविष्यनिर्वाह निधीचे खाते नोकरीबरोबर बंद पडत नाही. एकच क्रमांक सर्व नोकऱ्यांत चालतो. पैसे काढून घेण्याऐवजी खाते पुढील जागी वर्ग करणे हिताचे, कारण निवृत्तिवेतनास दहा वर्षांची सेवा भरावी लागते. आपल्या सोडण्याची तारीख मालकाने नोंदविली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती आपणास स्वतः नोंदविता येते.

नोटिशीचे काय? मुदत पुरी केली नाही तर नेमणूकपत्रात ठरल्याप्रमाणे तेवढ्या दिवसांचा पगार मालक मागू शकतो. परंतु कोणाही माणसास त्याच्या इच्छेविरुद्ध चाकरी करावयास न्यायालय भाग पाडीत नाही. तसेच नोकरी सुटल्यानंतर त्याच धंद्यात दुसरीकडे काम करू नये, अशी अट १८७२ च्या करार कायद्याच्या २७ व्या कलमापुढे टिकत नाही. मालकाची गुपिते राखण्याचे बंधन तेवढे राहते. मालकाने मुदतीपूर्वीच मोकळे केले तर ते लेखी घ्यावे. शाळेचे मूळ दाखले कचेरीत अडकले असतील तर ते पहिल्याच आठवड्यात मागावेत, आणि परत मिळेपर्यंत लेखी स्मरणपत्रे द्यावीत.

६. घर आणि शरीर

पुष्कळदा माणूस कचेरीत गप्प राहतो आणि तो सारा विस्तव घरी आणून टाकतो. मुलांवर ओरडतो, जेवणावर राग काढतो, रात्री अंथरुणात दिवसभराची भांडणे पुन्हा लढतो. यावर मोठे तत्त्वज्ञान नको. दुपारचा डबा चुकवू नये. चहास सोबत कोणी नसेल तर दहा मिनिटे बाहेर चालून यावे. एकटे बसून इतरांच्या हसण्याचा अर्थ लावीत राहणे हा सर्वांत वाईट आहार होय. घरात एक माणूस ठरवावा व त्यास दिवसातून एकदा सर्व सांगावे. नंतर तो विषय त्या दिवसापुरता मिटवावा. भिंतीवरील दिनदर्शिकेवर एकेक दिवस खोडीत जाणे, हा साधा उपायही उपयोगी पडतो. मनास जे अपार वाटते ते कागदावर तीस चौकोनांचे असते. झोप उडाली, छाती धडधडू लागली, किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर ते मनाचे दुबळेपण न समजता डॉक्टरांकडे जावे. वैद्यकीय रजा हाही नियमातलाच मार्ग आहे.

७. सोसण्याची सीमा

आतापर्यंत सांगितले ते सोसण्याविषयी. परंतु जो पाठ केवळ सोसावयास शिकवितो तो अपुरा, किंबहुना घातक होय. विराटपर्वातच पाहा : फाशाचा घाव युधिष्ठिराने सोसला, पण द्रौपदीच्या अंगावर हात टाकणाऱ्या कीचकाची गय झाली नाही. उपहास, अबोला, किल्ली काढून घेणे, जास्तीचे काम, हे सोसण्याच्या अलीकडचे. अंगावर हात, स्त्रीच्या अब्रूवर डोळा, जातीवरून वा धर्मावरून हिणवणे, जिवास धोका असलेल्या यंत्रावर मुद्दाम उभे करणे, खोट्या कागदावर सही करावयास लावणे, हे सीमेच्या पलीकडचे. तेथे नोटिशीचे दिवस मोजीत बसू नये.

स्त्रियांसाठी २०१३ चा कायदा आहे. दहा वा अधिक माणसे जेथे काम करतात तेथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. लहान जागी काम करणारीस जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत द्यावयाची असते, आणि राजीनामा दिल्याने हा हक्क जात नाही. मारहाण वा धमकी झाली तर समितीची वाट न पाहता ११२ या क्रमांकावर पोलिसांस कळवावे.

करार मोठा की माणूस मोठा, याचे एक उदाहरण आपल्या इतिहासात आहे. बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेस गेले. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता. त्याप्रमाणे १९१७ साली ते बडोद्यास रुजू झाले. कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर लांबून कागद टाकीत. पिण्यास पाणी मिळणे कठीण झाले. आणि ज्या पारशी विश्रामगृहात ते उतरले होते तेथून काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. शहरात कोठेही आसरा मिळेना, तेव्हा ते मुंबईस परतले. कचेरीतील तो छळ जातीचा अभिमान बाळगणाऱ्या घरांतील लोकांनी केला, हे देवळाच्या पत्रिकेत लिहिताना झाकता कामा नये. करार मोडला असे कोणी म्हणेल. परंतु जेथे माणसास पाणी व निवारा नाकारला जातो, तेथे करार आधीच दुसऱ्या बाजूने मोडलेला असतो. आज आमच्या कोणाच्या दुकानात वा कारखान्यात जाणाऱ्या माणसास निराळ्या कपातून चहा मिळत असेल, तर त्यास धीराचा उपदेश करण्याऐवजी तो कप फोडणे हे आपले काम आहे.

८. शेवटचा दिवस

शेवटच्या दिवशी चार्जाची यादी, ओळखपत्र, किल्ल्या व कारखान्याच्या वस्तू देऊन पोच घ्यावी. मोकळे केल्याचे पत्र व अनुभवाचा दाखला मागावा. लगेच न मिळाल्यास तारीख लेखी विचारावी. ज्यांनी काम शिकविले त्यांस वाकून नमस्कार करावा. ज्यांनी अबोला धरला त्यांस ‘येतो’ एवढे म्हणावे. उत्तर आले नाही तरी आपला शब्द वाया गेला असे मानू नये. शिपाई, झाडूवाली, दारावरचा पहारेकरी यांचा निरोप घ्यावयास विसरू नये. बड्या साहेबांनी तोंड फिरविलेल्या दिवसांत बहुधा याच माणसांनी आपणाशी बोलणे सोडलेले नसते.

तात्पर्य, कामाचे देणे पुरते फेडावे, स्वतःचे घेणे पुरते मागावे, आणि उरलेले दिवस रागाच्या हाती देऊ नयेत. मेज स्वच्छ पुसून, किल्ली योग्य हाती देऊन जो बाहेर पडतो, त्यास नव्या जागी जुन्या जागेचे ओझे न्यावे लागत नाही.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या कामाच्या जागी नोटीस दिलेल्या सोबत्याशी आपण कसे वागतो? त्याच्या बाकावर चहास बसतो काय?

२. आज अचानक जागा सोडावी लागली, तर आपल्या मागून येणाऱ्यास काम समजेल अशी यादी आपल्याजवळ तयार आहे काय?

३. आपल्या नेमणूकपत्रात नोटिशीची मुदत किती आहे? रुजू झाल्यास पाच वर्षे केव्हा पुरी होतात?

४. आपण जर मालक वा वरिष्ठ असाल, तर सोडून जाणाऱ्या माणसाचा शेवटचा नमस्कार आपण घेतला काय?